धूळपाटी ते सुटी अक्षरे
प्रारंभिक वाचन-लेखनातील हस्तसाधनांचा इतिहास : अहमदनगर जिल्ह्याच्या विशेष संदर्भात

१

लहान मुलास अक्षरओळख करून देताना त्याच्या हातात काही वस्तू द्यावी, ती त्याने चाचपावी, मांडावी, मोडावी व पुन्हा जुळवावी, हा विचार आपल्याकडे पाश्चात्त्य बालशिक्षणशास्त्राबरोबर आला अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. या समजुतीप्रमाणे इतिहासाचे दोन भाग पडतात. पहिल्यात पंतोजी, छडी आणि घोकंपट्टी. दुसऱ्यात माँटेसोरीबाई, खरखरीत कागदाची अक्षरे आणि आनंददायी शिक्षण. ही विभागणी सोयीची असली तरी खरी नाही. अक्षर हाताने शिकण्याची परंपरा महाराष्ट्रात फार जुनी असून तिच्यातील साधन एका टप्प्यावर समुद्रापार जाऊन परतही आले. त्या परंपरेत उणे होते ते साधन नव्हे. हाताने घडविलेले अक्षर आणि कानाने ऐकलेला शब्द यांचा सांधा तीत जुळलेला नव्हता. तो केव्हा जुळू लागला, कोणी जुळवला आणि मराठीच्या शुद्धलेखनापुरता तो कोठवर जुळू शकतो, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विवेचनासाठी अहमदनगर जिल्हा घेतला आहे. (२०२४ साली शहराचे व जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, जुन्या कालखंडाविषयी लिहिताना तत्कालीन नाव ठेवले आहे.) या निवडीस दोन कारणे आहेत. दख्खनमधील मुलींच्या शिक्षणाचा एक महत्त्वाचा आरंभ या शहरात झाला. आणि अक्षरापासून सहज सुटून जाणारी मुले आजही या जिल्ह्यात आहेत. त्यांच्यासाठी साधनाचा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही.

२

प्रथम भाषेचीच साक्ष घेऊ. प्रारंभिक शिक्षणाविषयीचे मराठी शब्द पाहिले तर त्यांतील बहुतेक हाताशी निगडित आहेत. मूल अक्षर ‘गिरवते’, ‘घोटते’. त्याला ‘वळण’ लागते. ते ‘कित्ता’ पुढे ठेवून लिहिते. एखाद्या विषयाचा पहिला परिचय म्हणजे त्या विषयाची ‘धुळाक्षरे’. हा शब्द मोल्सवर्थच्या कोशातही नोंदलेला आहे. ‘वळण’ हा शब्द तर अक्षराच्या घडणीसाठी आणि वर्तनाच्या घडणीसाठी एकच आहे. हात वळला की स्वभाव वळतो, असा काहीसा विश्वास त्यामागे असावा.

‘लिहिणे’ याच्या मुळाशी ‘लिख्’ हा धातू आहे. त्याचा मूळ अर्थ ओरखडणे, रेघ काढणे. ‘वाचणे’ याच्या मुळाशी ‘वाच्’ म्हणजे वाणी आहे. लिहिणे हाताचे आणि वाचणे तोंडाचे, अशी ही वाटणी आहे. डोळ्याने पाहून मनात अर्थ घेण्याच्या क्रियेला या जोडीत स्वतंत्र शब्द नाही. व्युत्पत्तीवरून इतिहास सिद्ध होत नाही हे खरे. परंतु जुन्या शाळेचे जे वर्णन आपल्याला मिळते ते या वाटणीशी विलक्षण जुळते.

त्या शाळेत ओनाम्यापासून आरंभ होई. लाकडी फळीवर धूळ किंवा विटेची भुकटी पसरून पंतोजी तीवर अक्षर काढी; मूल बोटाने वा काडीने ते पुनःपुन्हा गिरवी आणि त्याच वेळी मोठ्याने उच्चारी. फळी हलवली की अक्षर पुसले जाई. कागद दुर्मीळ व महाग असलेल्या काळात या साधनाला खर्च नव्हता, आणि चुकीची खूणही त्यावर उरत नसे. घरोघरी याच कामास चिंचोके येत. जमिनीवर खडूने काढलेल्या अक्षरावर चिंचोके मांडीत जावयाचे, म्हणजे अक्षराचा आरंभ, वळण आणि शेवट बोटांना कळतो. तुकोबांच्या एका अभंगात लहान मुलासाठी पंतोजी स्वतः पाटी हाती धरतो असा दृष्टान्त आहे. श्रोत्यांच्या नित्य पाहण्यातील चित्र असल्याखेरीज संतकवी असा दृष्टान्त योजीत नाही. समर्थांच्या दासबोधातही एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिलेला आहे. अक्षर सुटे, गोल व सारखे असावे याची चर्चा अध्यात्मग्रंथात यावी, यावरून हस्ताक्षराचे त्या समाजातील मोल ध्यानात येते.

३

हे साधन केवळ महाराष्ट्राचे नव्हते. पिएत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशाने १६२३ साली कर्नाटकातील इक्केरी येथे मुले जमिनीवरील बारीक वाळूत बोटाने लिहून व एका सुरात म्हणून धडा पाठ करीत असल्याचे पाहिले आणि त्याची नोंद केली. पुढे मद्रासजवळच्या एग्मोर येथील अनाथ मुलांच्या आश्रमाची व्यवस्था अँड्र्यू बेल याच्याकडे आली (१७८९). त्याने तेथील देशी शाळेत मुले वाळूत अक्षरे काढताना पाहिली आणि तीच रीत आपल्या आश्रमात सुरू केली. नेमलेल्या शिक्षकांना ती पसंत पडेना, तेव्हा त्याने पुढे गेलेल्या मुलाकडून मागे असलेल्या मुलास शिकविण्याचा उपाय काढला. १७९७ साली लंडनमध्ये त्याने यावर पुस्तक प्रसिद्ध केले. बेल आणि जोसेफ लँकेस्टर यांच्या नावाने ही पद्धती इंग्लंडभर पसरली आणि वाळूचे तबक गरीब इंग्रज मुलांच्या बाकापुढे आले.

१८२२ साली मुंबईत शाळापुस्तक मंडळी स्थापन झाली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस तिचे चिटणीस होते. या मंडळीने शाळांसाठी जी व्यवस्था पुरस्कारिली ती हीच लँकेस्टरची पद्धती. दख्खनच्या पंतोजीकडे धूळपाटी होतीच. तीच कल्पना इंग्लंडचा शिक्का घेऊन सुधारणा म्हणून त्याच्या दारी आली. ज्ञानाच्या देवघेवीचा हा प्रवास ‘देशी’ आणि ‘पाश्चात्त्य’ या कप्प्यांत बसत नाही.

युरोपातही हस्तसाधनाचा विचार नवा नव्हता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन आचार्य क्विंटिलियन याने मुलांना खेळण्यासाठी हस्तिदंती अक्षरे द्यावीत आणि लाकडात कोरलेल्या अक्षरांच्या खाचांतून त्यांची लेखणी फिरवावी असे सुचविले होते. तेव्हा ‘हे प्रथम कोणी केले’ हा वाद निष्फळ आहे. त्या त्या समाजाने हाताने घडविलेल्या अक्षराचा उपयोग कशासाठी केला, हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो.

४

पेशवाईच्या अखेरीस, १८१८ च्या सुमारास, नगरचा प्रदेश कंपनीच्या अमलाखाली आला. मुंबई इलाख्यातील देशी शाळांची १८२० ते १८३० या दशकात जी पाहणी झाली, तिचे कागद पुढे रा. वि. परुळेकर यांनी संपादून प्रसिद्ध केले. त्यांतून दिसणारी शाळा मुख्यतः हिशेब आणि पत्रव्यवहार शिकविणारी आहे. मुले पाढे, पावकी, निमकी म्हणतात आणि मोडी लिहितात. छापील पुस्तक जवळजवळ नाही.

येथे मोडीचा विचार अवश्य केला पाहिजे. ही लिपी हात न उचलता वेगाने लिहिण्यासाठी घडलेली आहे. तीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद व्यवहारात पाळला जात नसे. वाचणारा संदर्भावरून शब्द ओळखी. धूळपाटीवर तयार झालेला हात या लिपीला योग्यच होता, कारण तिच्यात महत्त्व हाताच्या ओघाला होते. आज आपण ज्याला शुद्धलेखन म्हणतो, म्हणजे कोठे पहिली वेलांटी आणि कोठे दुसरी, हा प्रश्न अशा शाळेत उद्भवतच नव्हता. तो बाळबोध लिपी छापखान्यात गेल्यावर आणि छापील क्रमिक पुस्तक शाळेत आल्यावर सार्वत्रिक झाला. जुन्या शाळेचे लेखन अशुद्ध होते असे म्हणणे म्हणूनच कालविपर्यास आहे. तिला जे साधावयाचे होते ते ती साधीत होती. मात्र ते साधावयाचे होते थोड्यांसाठी : कुलकर्ण्याचा मुलगा, वाण्याचा मुलगा, कारकुनी पेशा असलेल्या घरचा मुलगा. मुली आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले त्या फळीपर्यंत पोचत नव्हती. धुळीला खर्च नव्हता, तरी ती सर्वांसाठी नव्हती.

५

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगर येथे ठाणे केले. सिंथिया फरार १८२७ साली मुंबईत आल्या होत्या. अमेरिकन बोर्डाने परदेशी धाडलेल्या त्या पहिल्या अविवाहित स्त्री-मिशनरी. १८३९ पासून १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी नगर येथे मुलींच्या शाळा चालविल्या. या शाळा जोतीराव फुले यांनी पाहिल्या होत्या. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढण्यामागे त्या पाहण्याचा वाटा होता. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण फरारबाईंकडे घेतले असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या शाळांचे वैशिष्ट्य त्यांच्या हेतूत आहे. प्रॉटेस्टंट मिशनऱ्यास शिष्याने धर्मग्रंथ स्वतः वाचावा असे वाटे. म्हणून वाचन हे तेथे साध्य होते आणि लिपी छापील बाळबोध होती. धर्मप्रसाराचा हेतू आपल्याला मान्य असो वा नसो, त्यातून एक शैक्षणिक परिवर्तन घडले : हिशेब लिहिणारा हात मागे पडून पुस्तक वाचणारा डोळा पुढे आला. १८५५ मध्ये शिक्षणखाते निघाल्यावर आणि सरकारी क्रमिक पुस्तके गावोगावी गेल्यावर हीच दिशा कायम झाली. धूळपाटीची जागा दगडी पाटीने घेतली.

या परिवर्तनात लाभाबरोबर एक हानीही झाली. पुस्तक आले, परंतु वर्गातील रीत जुनीच राहिली. मुळाक्षरे सर्व म्हणावयाची, मग ‘क’ पासून ‘ज्ञ’ पर्यंत बाराखडी म्हणावयाची, मग शब्द. तोंडाचा भाग तसाच राहिला आणि हाताचा भाग उणावला. पुस्तकाचे पहिले पान पाठ म्हणणारे, परंतु त्यातील एक शब्द निराळ्या जागी दाखविल्यास गोंधळणारे मूल हे या संकराचे अपत्य होय.

६

या कोंडीतून बाहेर पडण्याचा मोठा प्रयत्न नगर जिल्ह्याबाहेर, कोकणाच्या उत्तर भागात झाला. त्याचा परिणाम मात्र पुढे सर्व महाराष्ट्रावर झाल्यामुळे त्याचा विचार येथे प्राप्त आहे. मारिया माँटेसोरी यांनी १९०७ साली रोममध्ये बालगृह उघडले. खरखरीत कागदाची अक्षरे बोटाने चाचपणे आणि सुट्या अक्षरांनी शब्द जुळविणे ही त्यांच्या पद्धतीतील दोन मुख्य साधने. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगर येथे या पद्धतीचे प्रयोग केले आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसोरी स्वतः १९३९ मध्ये भारतात आल्या.

ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला नेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. तेथील वारली मुलांसाठी विलायती पेट्या परवडणाऱ्या नव्हत्या आणि अनोळखीही होत्या. म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पाने, माती हीच साधने झाली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात जावी या विचारातून अंगणवाडी निघाली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. १९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा तिच्या केंद्रांस ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले. चिंचोका आणि खडा पंतोजीच्या काळीही होता. ताराबाईंनी त्याला निराळे प्रयोजन दिले. पूर्वी तो वळणासाठी होता, आता तो मुलाच्या बोलण्यातील शब्दाशी जोडला गेला. आणि पूर्वी जे मूल फळीपर्यंत पोचत नव्हते त्याच्यापर्यंत तो चालत गेला.

७

आता भाषाशास्त्राच्या दृष्टीने एक प्रश्न उरतो. माँटेसोरींची सुटी अक्षरे रोमन लिपीसाठी घडली आहेत. तेथे प्रत्येक स्वर व व्यंजन यांना ओळीत स्वतंत्र जागा असते. देवनागरीचा घटक निराळा आहे. ‘क’ या अक्षरात ‘अ’ अंतर्भूत आहे. इतर स्वर काना, मात्रा, वेलांटी, उकार या चिन्हांनी व्यंजनाच्या उजवीकडे, डावीकडे, वर किंवा खाली बसतात. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते आणि नंतर उच्चारली जाते. म्हणून मराठीसाठी सुटी अक्षरे करताना स्वरचिन्हांचे तुकडे निराळे आणि व्यंजनांचे निराळे असावे लागतात. हीच अडचण मराठी मुद्रकांपुढे आली होती, आणि त्यांनी अक्षरावर स्वरचिन्हांचे सुटे खिळे बसवून ती सोडविली. जुळाऱ्याची खिळ्यांची केस ही एका अर्थी मराठीतील पहिली सुट्या अक्षरांची पेटीच होय. सावरकरांनी पुरस्कारिलेली ‘अ’ ची बाराखडीही, म्हणजे ‘इ’ ऐवजी ‘अि’ असे लेखन, याच दिशेचा विचार होती. शाळेत मात्र ती टिकली नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. ‘न’, ‘ग’, ‘र’ असे तीन तुकडे मुलापुढे ठेवले तर त्यांतून नग, गर, रग, नर आणि नगर हे शब्द जुळतात. काना, वेलांटी व अनुस्वार मिळताच नागर, नगरी, रंग, नारी, गार तयार होतात. नगरच्या मुलाला आपल्या गावाचे नाव पहिल्याच दिवशी हाताने मांडता येते. ते मांडताना त्याला आणखी एक गोष्ट कळते, जी बाराखडी म्हणून कळत नाही : सुटे ‘र’ म्हणताना जो ‘अ’ ऐकू येतो तो ‘नगर’ या शब्दाच्या शेवटी ऐकू येत नाही. मुळाक्षरांचा संपूर्ण क्रम संपेपर्यंत न थांबता थोड्या अक्षरांतून शब्द करावयाचा हा मार्ग फलटण येथे मॅक्सीन बर्नसन यांनी पुढे नेला. त्या स्वतः भाषाशास्त्रज्ञ असून मराठीच्या व्याकरणाच्या अभ्यासक होत्या, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. साधन कोणते यापेक्षा त्या साधनाने भाषेचा कोणता घटक मुलाच्या हाती येतो, हे ठरविण्यास भाषेचे विश्लेषण लागते.

शुद्धलेखनाचा विचारही याच अंगाने करता येतो. साहित्य महामंडळाने १९६२ साली चौदा नियम केले आणि १९७२ मध्ये चार वाढविले. या अठरा नियमांत दोन प्रकारच्या गोष्टी मिसळल्या आहेत. ‘वीट–विटा’, ‘जीभ–जिभा’, ‘फूल–फुले’, ‘दूध–दुधाला’ या जोड्यांत ऱ्हस्व-दीर्घाचा पालट उच्चारातच आहे. शब्दाचा शेवट वाढला की आधीचा स्वर आखडतो. सुट्या तुकड्यांनी ‘वीट’ मांडून पुढे काना ठेवला की मुलाला ‘व’च्या उजवीकडची वेलांटी उचलून डावीकडे ठेवावी लागते. नियमाचे शब्द पाठ न करता नियम हातून घडतो. येथे हस्तसाधन पाटीपेक्षा श्रेष्ठ ठरते, कारण पाटीवर पुसून नवे लिहावे लागते. पालट दिसत नाही.

‘शरीर–शरीराला’ किंवा ‘परीक्षा’ यांत हा पालट होत नाही, कारण ते तत्सम शब्द मूळ संस्कृत रूप राखतात. ‘गुरू’ दीर्घ आणि ‘गुरुवार’ ऱ्हस्व, ‘श’ आणि ‘ष’ यांचा लेखनात भेद पण सामान्य बोलण्यात अभेद, ‘च’ आणि ‘ज’ या एकेका चिन्हाचे दोन उच्चार : या ठिकाणी कान साक्ष देत नाही, म्हणून हातही मदत करू शकत नाही. येथे वाचनाचा सराव आणि स्मरण हाच मार्ग आहे. उलट ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग, यांतील भेद कानाला स्पष्ट ऐकू येतो. तो साधनाने उत्तम शिकविता येतो. हस्तसाधनाचे कैवारी आणि त्याचे टीकाकार दोघेही ही मर्यादा न आखता बोलतात, त्यामुळे वाद वाढतो आणि निर्णय होत नाही.

८

नगर जिल्ह्याच्या वर्तमानाकडे वळून हे विवेचन संपवू. प्रवरानगर येथे १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि जिल्ह्याच्या उत्तर भागाचे अर्थकारण पालटले. त्याच जिल्ह्याच्या दक्षिण व पूर्व भागांतील पाथर्डी, शेवगाव, जामखेड हे तालुके आणि शेजारचा बीड जिल्हा येथून ऊसतोडणीसाठी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. आई-बापांबरोबर फडावर गेलेल्या सहा वर्षांच्या मुलाचे मुळाक्षरांचे वर्ष मध्येच तुटते. साखरशाळांचे प्रयोग त्यासाठीच झाले. बाराखडीच्या क्रमाने चालणाऱ्या शिक्षणात असे मूल परत आल्यावर ‘ठ’ पाशी थांबलेले असते आणि वर्ग पुढे गेलेला असतो. थोड्या अक्षरांतून पूर्ण शब्द करण्याची पद्धती असेल तर त्याने नेलेली पाच अक्षरेही त्याच्या उपयोगी पडतात. आणि धूळ व चिंचोके फडावरही आहेत.

सारांश, धूळपाटीकडे स्मरणरंजनाने पाहू नये आणि सुट्या अक्षरांकडे आयात केलेले नवल म्हणूनही पाहू नये. ही एकाच परंपरेची दोन रूपे आहेत. पहिल्यात हात होता, ध्वनीचे विश्लेषण नव्हते आणि बहुसंख्य मुलांना प्रवेश नव्हता. दुसऱ्यात या उणिवा दूर होण्याची शक्यता आहे, परंतु ती साधनातून आपोआप निघत नाही. आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे करण्यासारखी दोन कामे आहेत. एक, जिल्ह्यातील वृद्ध मंडळींकडून गिरवणे, घोटणे, मांडणे या क्रियांचे शब्द आणि रीती टिपून घेणे. ही माहिती आणखी एका पिढीनंतर मिळणार नाही. दुसरे, पहिली-दुसरीच्या मुलांच्या लेखनातील चुका गोळा करून त्यांपैकी कोणत्या कानाने सुधारतात आणि कोणत्या केवळ स्मरणाने, याचे वर्गीकरण करणे. अशी वर्गवारी हाती आली, तर चिंचोके कोठे पुरे पडतात आणि पुस्तक कोठे लागते, हे शिक्षकाला नेमके सांगता येईल.